रस्त्यावरचा हुलगा

रस्ता वाहनांसाठी असतो, ही माझी समजूत जीप घेईपर्यंत पक्की होती. जीप घेतली आणि कळलं की आपल्या जिल्ह्यात रस्ता गुरांना बसायला असतो, खाट टाकून गप्पा मारायला असतो आणि सुगीत पिकं मळायला असतो. अधूनमधून एखादी गाडी जाते, तेवढी लोक खपवून घेतात.

जीप लष्कराच्या लिलावातली. नगरच्या बाजारात हातगाडीवर जर्मनची भांडी विकत विकत मी दुकानापर्यंत पोचलो होतो आणि घासाघीस केल्याशिवाय सुईसुद्धा घेतली नव्हती. लिलावातही बोली संपल्यावर मी तिथल्या सुभेदाराच्या मागे लागून एक जादा टायर काढला. गाडी दारात आली आणि सगळा जिल्हा तिच्यावर हक्क सांगू लागला. वाटेत हात करणाऱ्याला घेतलं नाही तर शिव्या, घेतलं तर त्याच्याबरोबर बोकड. गाव किती लांब म्हणून विचारावं तर "हे काय, हितंच" म्हणतात आणि त्या 'हितंच'मध्ये टाकीतलं पेट्रोल संपतं. बैलगाडीवाला गाडीत झोपलेला आणि बैल मधोमध चाललेले. हॉर्न वाजवला की बैल बाजूला होतात, गाडीवान मात्र उठून आपल्यालाच दरडावतो.

हे सगळं मी सोसलं. कर्जतच्या रस्त्यावरचा तो हुलगा मात्र मला अजून सोसत नाही.

माझ्या पुतणीची सोयरीक कर्जतकडच्या एका घराशी जमत आली होती. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, राहात्याजवळ शेती करतात. वहिनी आदल्या वर्षी गोठ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी टेकत खाटेपासून उंबऱ्यापर्यंत, एवढंच त्यांचं चालणं. जवळच्या दवाखान्यात बैलगाडीतून नेलं तर वाटभर रडत होत्या; माझ्या जीपचे धक्के तर वेशीपर्यंतही सोसले नाहीत. कर्जत म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. त्यामुळे लग्न कुणाच्या दारात करायचं, एवढाच आमच्या घरात प्रश्न होता. हे ठरतं बैठकीत. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, हवी तेवढी ताणाताणी होते, पण एकदा सुपारी फुटली की त्यावर कुणी बोलायचं नसतं.

दादा स्वभावाने असे की समोरच्याने सदरा मागितला तर हे गुंडी लावून देतील. वहिनींना ते पुरतं ठाऊक.

"भाऊजी, तुमचे दादा नुसती मान हलवतील," त्या मला म्हणाल्या. "बोलायचं काम तुमचं. लग्न आपल्या दारात झालं पाहिजे. मला लेकीवर अक्षता टाकायच्यात."

मी शब्द दिला. दादा भावकीतल्या दोघांना घेऊन आदल्या दिवशीच एस.टी.ने पुढे गेले. मी सकाळी नगरहून जीप काढली. धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. काय बोलायचं ते मी गाडीत मोठ्याने म्हणून बघत होतो. मिरजगाव मागे पडलं, रस्ता एकेरी झाला आणि एका वळणावर पुढे सगळा हुलगा, म्हणजे कुळीथ, मळणीला टाकलेला.

डांबर दिसतच नव्हतं. मुळासकट उपटून वाळवलेले वेल गुडघाभर पसरलेले. एका अंगाला चर, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि कुणी कडेने निसटू नये म्हणून दोन्हीकडे धोंडे मांडलेले. पटका बांधलेला एक शेतकरी आणि त्याची कारभारीण, पाव्हणे जेवायला येणार असल्यासारखे वाट बघत उभे.

"या पाव्हणं," तो म्हणाला. "सकाळपास्नं एक एस.टी. तेवढी गेली. तुमची लई वाट बघितली."

"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?"

"न्हाई. रस्ता सरकारचा. हुलगा माझा."

"मग मळणीचं भाडं दे."

"बैलाला तरी कुठं देतो भाडं?"

कारभारीण पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकं तापलं. मी त्याला सरकार, पोलीस, कायदा सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जरा डाव्या अंगानं घ्या. उजवीकडचं एस.टी.नं मळलंय."

बोलण्यात वेळ चालला होता, म्हणून मी गाडी घातली. आणि खोटं का सांगू, डाव्या अंगानेच घातली. खाली शेंगा तडतडत होत्या. निम्मं अंतर गेलं आणि जीप आचके देऊन बंद पडली. खाली वाकून पाहिलं तर मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याला वेलांचा दोर वळावा तसा पीळ बसलेला.

धोतराचा काचा मारून मी गाडीखाली शिरलो. शेतकऱ्याने विळा दिला आणि शेजारी उकिडवा बसला. मला वाटलं मदतीला बसला.

"जपून कापा," तो म्हणाला. "शेंगा हायेत त्याला."

मी कापून बाहेर फेकत होतो आणि कारभारीण त्यातल्या शेंगा वेचून घेत होती. शेवटचा वेल निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्याने मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यालो, पण आभार मानले नाहीत.

बैठकीच्या घरी पोचलो तेव्हा ओसरीवर लोक पानं खात होते. ताटात सुपारीची खांडं पडलेली. मी दादांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली.

"कुणाच्या दारात?" मी विचारलं.

"तुझी वाट पाहिली रे," दादा म्हणाले. "त्यांची माणसं खोळंबली, भटजी म्हणाले वेळ टळते. मुलाचं घरातलं पहिलंच लग्न, त्यांच्या भावकीला एवढं लांब येता येत नाही. मी हो म्हटलं."

मी ताटाजवळच बसकण मारली आणि वहिनींचं दुखणं सांगायला लागलो. मुलाचे वडील सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "इवाई, आदी आला आसता तर इचार केला आसता. आता चार गावांम्होरं शबुद गेलाय." मी दिवे लागेपर्यंत बोलत होतो. साखरपुडा आमच्या दारात, एवढंच पदरात पडलं. परतताना दादा शेजारी बसून म्हणाले, साखरपुडा मिळाला तेही काही थोडं नाही.

वहिनींना सांगायलाही मलाच जावं लागलं. हुलग्याचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पातेल्यासाठी दुकानात तासभर भांडता. माझ्या वेळेला हुलगा मळत बसलात."

मळत बसलो नव्हतो. मला अडवलं होतं. यात फरक आहे आणि तो मी आजवर ज्याला त्याला समजावून सांगत आलो आहे. कुणाला पटत नाही.

लग्नाच्या दिवशी सगळं घर कर्जतला गेलं. वहिनींजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं, मी थांबलो. त्या "तुम्ही जा" म्हणाल्या, मी नाही गेलो. मुहूर्त गोरज होता. ऊन उतरायला लागल्यावर त्यांनी मला उंबऱ्यात पाट मांडायला लावला, नवं लुगडं नेसून काठी टेकत आल्या आणि बसल्या. मुठीत कुंकवाच्या अक्षता.

"कर्जत कुठल्या अंगाला?"

मी दक्षिणेला हात केला. तिकडे उसाचा फड आणि त्यामागे पाटाच्या कडेची झाडं, एवढंच दिसत होतं.

"मंगलाष्टकं म्हणा."

मला एकच कडवं येत होतं, तेही अर्धं. मी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. प्रत्येक वेळी 'सावधान' आलं की वहिनी थोड्या अक्षता अंगणात टाकायच्या. कोंबड्या धावत आल्या, मी त्यांना हुसकायला उठलो.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणा. अजून मुठीत आहेत."