आवळ्याचा गुण कातडीत उतरवणाऱ्या वनमालाबाई

चंद्रपूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी विभागप्रमुख डॉ. वनमालाबाई प्रयोगशाळेत डुकराच्या कानाची कातडी सोलत होत्या. मी दारातच थबकले. मान वर न करता त्या म्हणाल्या, "माणसाच्या कातडीशी हिचं बरंच जुळतं. या, हातमोजे घाला."

अशी आमची ओळख झाली. मी एटापल्लीची. शहरात खोली मिळत नव्हती. माझं आदिवासी आडनाव ऐकलं की घरमालकांच्या खोल्या भरलेल्या निघत. बाईंना हे कळलं तेव्हा त्या हळहळत बसल्या नाहीत. त्यांनी आपल्या घरातली पुढची खोली मोकळी केली आणि संध्याकाळी मला सोबतच घेऊन गेल्या.

बाईंच्या संशोधनाचा विषय सांगायला सोपा आहे. उन्हाने कातडी लवकर सुरकुतते. आवळ्यातले अँटिऑक्सिडंट ही झीज कमी करायला मदत करतात. पण ते पाण्यात विरघळणारे, आणि कातडीचा वरचा थर स्निग्ध. मलम कितीही चोळा, गुण वरच राहतो आणि तोंड धुताना वाहून जातो. बाईंनी आवळ्याचा अर्क स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरला, म्हणजे तो त्या थरातून आत सरकेल. कित्येक वर्षं मलम काळं पडे, नाहीतर तेल-पाणी वेगळं होऊन फाटे. बाई ते टाकून देत आणि पुन्हा सुरुवात करत.

अखेर जमलं, तेव्हा ते बनवायला त्यांनी पोंभुर्ण्याच्या महिला बचत गटाला शिकवलं. चंद्रपूरच्या प्रदर्शनात मलम पहिल्यांदा विक्रीला जाणार होतं. त्याच आठवड्यात गटाच्या अध्यक्ष शेवंताबाईंचा फोन आला. मलम लावून त्यांचे गाल लाल झाले होते, आग होत होती. गटातल्या बायका घाबरल्या होत्या. आमच्यापैकी काहींचं म्हणणं पडलं की एकीलाच त्रास झालाय, तर विक्री थांबवू नये. बाईंनी ती तिथल्या तिथे थांबवली. जे कातडीत शिरतं ते त्रासही देऊ शकतं, एवढंच बोलून त्या पोंभुर्ण्याला निघाल्या. मीही बरोबर गेले.

शेवंताबाई गालांवर ओला कपडा धरून बसल्या होत्या. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मलमाआधी चेहऱ्याला काय लावलं, हे बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवंताबाई बराच वेळ टाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमीच तं सांगतलं ना मॅडम, वरची कातडी गुण आत जाऊ देत नाई म्हणून. मंग मी लिंबू-मीठानं घासून तिले काढूनच टाकलं."

माझा जीव भांड्यात पडला. मलमात दोष नव्हता. बाई मात्र हसल्या नाहीत. शेवंताबाईंचा हात धरून त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "चूक माझी आहे, शेवंताबाई. मी अर्धंच सांगतलं. ते कातडी आपली राखण करते. तिले काढाचं नाई, तिच्यातून हळूच जाचं."

तरीही त्यांनी घाई केली नाही. आधी स्वतःच्या हातावर आणि मग गटातल्या स्वतःहून तयार झालेल्या बायकांच्या हातांवर मलम लावून पाहिलं. कुणालाच काही झालं नाही. शेवंताबाईंचे गालही निवळले. तसं सांगणारा त्यांचा फोन आला, तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांचा ताण त्यांच्या खांद्यांवरून उतरताना मी पाहिला. पुढच्या प्रदर्शनात मलम गेलं. डबीवर 'चेहरा घासू नका' असं ठळक छापलं होतं. 'तारुण्य परत आणणारं' हे शब्द मात्र बाईंनी काढायला लावले. म्हातारपण कुणाचं थांबतं, असा त्यांचा सवाल होता.

बाई यंदा साठ वर्षं पूर्ण करत आहेत. निवृत्तीनंतर गडचिरोलीच्या गटांना शिकवायला जाण्याचा बेत त्यांनी आखलाच आहे. त्या प्रवासांना पुरेल अशी उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य त्यांना लाभो. आणि मधूनमधून एखादी दुपार त्यांनी निवांत झोपून काढावी, एवढी आम्हा सगळ्यांची विनंती आहे.