समुद्र, डोल्मा आणि चंद्रीची धार

पहाटेची धार काढली, किटली डेअरीत पोचवली आणि हात धुऊन जीपमध्ये बसले, तेव्हा गडमुडशिंगीवर अजून धुकं होतं. पस्तिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा समुद्र बघायला निघाले होते. अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी भव्य यावं. माझ्या मनात एवढंच होतं की दुपारी वेळेत परत फिरायचं, म्हणजे दिवेलागणीच्या धारेला घरी.

आमच्या चंद्रीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चंद्री ही आमची मुरा म्हैस. दूध झकास, स्वभाव खाष्ट. माझ्याशिवाय कुणालाही कासेला हात लावू द्यायची नाही. ह्यांनी धारेला बसावं, तर ती दूध चोरून धरायची आणि वर बादली लाथाडायची. शेजारणी म्हणायच्या, तुझ्या साडीचा वास ओळखते ती. असेलही. पण त्या वासापायी मी कित्येक वर्षांत कुठे मुक्कामाला गेले नव्हते. सख्ख्या भावाचं लग्न पेठ वडगावला होतं, तर जेवणाच्या पंगती बसायच्या आधीच मी परतीची एसटी धरली होती. भाऊ अजून त्यावरून बोलतो.

आता पाहुण्यांबद्दल. हे फौजेत होते तेव्हा आम्ही दोन वर्षं जबलपूरला क्वार्टरमध्ये राहिलो. शेजारी ताशी आणि त्याची बायको डोल्मा, हिमाचलातल्या लाहौलकडची माणसं. पहिल्याच दिवशी डोल्मा साखर मागायला आली, आमच्या भिंतीवरचा बुद्ध बघितला आणि साखर विसरून तिथेच खाली बसली.

"तुम्ही पण?" तिने विचारलं.

"आम्ही पण," मी म्हटलं.

तिथून जी मैत्री जमली, ती जमलीच. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. तिची हिंदी डोंगरातली, माझी गडमुडशिंगीची, त्यामुळे तिसऱ्या माणसाला काही कळायचं नाही आणि आमचं काही अडायचं नाही. दोघींनीही समुद्र बघितला नव्हता. मग ठरलं, मी तिला समुद्र दाखवायचा, तिने मला बर्फ. तिला खरं म्हणजे समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा होता. त्यांच्याकडे सूर्य मावळत नाही म्हणे, दुपारीच डोंगराआड जातो आणि नंतर नुसतीच थंडी राहते.

आता ताशी निवृत्त झाला होता आणि दोघं कायमची गावी निघाली होती. जाण्यापूर्वी वाट वाकडी करून आमच्याकडे आली. वर अर्धं वर्ष रस्ता बंद असतो, पुन्हा इतक्या खाली उतरणं होईल असं दोघांनाही वाटत नव्हतं. सहलीच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्यांची गाडी होती. सूर्यास्त बघायचा तर मुक्काम हवा, आणि मुक्काम करायचा तर चंद्रीचं काय? मी आधीच सांगून टाकलं, "समुद्र दाखवीन, सूर्यास्त जमायचा नाही." डोल्मा हसून हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला तो मला दिसला. मला म्हशीचा राग आला आणि माझाही.

जीप आमच्या गल्लीतल्या संपतभाऊजींची. गल्लीत फोन त्यांच्याच किराणा दुकानात आणि जीपही त्यांचीच. गाडी चालवायला ताशी, फौजेत त्याने आयुष्यभर तेच केलेलं. वैरणपाणी आणि पोरांची शाळा बघायला हे घरी राहिले.

कोल्हापूर मागे पडलं आणि कळ्याच्या पुढे उसाच्या फडांतून गुऱ्हाळांचा गोड धूर येऊ लागला. डोल्माने वास ओढून घेतला आणि गाडी थांबवायला लावली. गुऱ्हाळवाल्याने आम्हाला खालून वर न्याहाळलं.

"पावणं कुठलं म्हनायचं?"

"हिमाचलचे."

"आन् मग उभं का? बसा की! काकवी घ्या."

ताशीने हात जोडून नको म्हटलं. गुऱ्हाळवाला इतक्या जोरात ओरडला की बैलसुद्धा थबकले. "न्हाई म्हनायचं न्हाई! येवढ्या लांबनं आलायसा, तोंड गोड केल्याबिगर सोडतोय व्हय!" तो भांडतोय असं डोल्माला वाटलं. मी तिला समजावलं, आमच्याकडे माया अशीच करतात, आवाज चढवून. मग तिने दोन वाट्या काकवी (उसाचा घट्ट पाक) संपवली.

गगनबावड्याच्या पुढे घाट लागला आणि समोरचं सगळं पुसून गेलं. पांढऱ्या धुक्यात एखादं झाड यायचं, आपल्याकडे बघितल्यासारखं करायचं आणि जायचं. रस्ता खाली चाललाय एवढंच पोटाला कळत होतं. आम्ही तिघंही आपोआप हळू बोलू लागलो. मी दांडी घट्ट धरून बसले होते, तर ताशी गल्लीतून सायकल न्यावी तसा वळणं घेत होता. डोल्माने खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओला तळवा माझ्या गालाला लावला. "हे ढग माझ्या ओळखीचे आहेत," ती म्हणाली.

धुकं संपलं तेव्हा आम्ही दुसऱ्याच मुलखात होतो. माती तांबडी, जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती), आंब्याकाजूची गर्द झाडी आणि नोव्हेंबरातही अंगाला चिकटणारी ऊब. देवगड जवळ आलं तसं हवेत काहीतरी खारट आलं. एका वळणावर झाडांच्या मधून मला आकाशाची पट्टी दिसली, जरा जास्तच खाली आलेली. मी बघत राहिले. मग ती पट्टी हलली.

"डोल्मा," मी म्हटलं. तिने माझं मनगट पकडलं होतं, ते गाडी थांबेपर्यंत सोडलं नाही.

देवगडच्या पुढे किनाऱ्याला लागून एक छोटं गाव होतं. वाळू लांबवर ओली, घट्ट आणि चकचकीत. डांबरी रस्त्यापेक्षा बरी, असं ताशी म्हणाला आणि जीप सरळ पाण्याजवळ नेऊन उभी केली. मीही वर "झकास" म्हटलं. आम्ही पाण्यात पाय घातले. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि आपणच मागे चाललोय असं वाटतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. डोल्मा बोट बुडवून चाटून बघत होती, पुन्हा पुन्हा, जणू एखादी लाट तरी गोड निघेल.

मग सुरूच्या झाडांच्या सावलीत भाकरी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि दही झालं. खर्डा खाऊन ताशीच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तो गडी मागे हटला नाही. वारा सुटला होता, लाटांचा आवाज एका लयीत येत होता. पहाटेपासून जागे असलेले आम्ही तिघंही कधी आडवे झालो, कळलं नाही. झोपेतही मला तो आवाज ऐकू येत होता आणि कुणीतरी मला हलकेच वर उचलून खाली ठेवतंय असं वाटत होतं. इतकं गाढ मी लग्नानंतर झोपले नसेन.

जाग आली ती आरडाओरड्याने. समुद्र जवळ आला होता. जीपची चाकं दिसत नव्हती.

आमच्या नदीला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि येण्याआधी चार दिवस सांगून येतो. रोजच्या रोज चढणारं आणि उतरणारं पाणी आम्हाला कुठून ठाऊक असणार? आणि ताशीच्या गावी तर पाणी गोठून जागच्या जागी बसतं. आम्ही धावलो, तोवर चार-सहा मच्छीमार दोर घेऊन आलेच होते.

"घाटावयले मां?" (घाटावरचे ना?) त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"तरीच!" काका म्हणाले आणि सगळे हसले. हसत हसतच त्यांनी कंबरभर पाण्यातून जीप ओढून काढली. पण इंजिनात खारं पाणी गेलं होतं. काकांनी बॉनेट उघडून आत डोकावलं. "आज काय ता सुरू होवचा नाय. सुकांदे. फाल्यां बघूया." (आज सुरू होणार नाही. सुकू दे. उद्या बघू.)

फाल्यां! घरी दिवस कलता कलता चंद्री दरवाजाकडे बघून हंबरायला लागणार. कास भरून तटतटलेली, आणि जवळ जाणाऱ्याला लाथ. एक वेळ धार चुकली की कास सुजते, म्हैस आटते, आणि आमच्या घरचा निम्मा संसार त्या म्हशीवर. मी गावातल्या एसटीडी बूथकडे जवळजवळ पळतच गेले आणि संपतभाऊजींच्या दुकानात फोन लावला. त्यांनी आधी जीपबद्दल विचारलं. मी म्हटलं, "जीप अंघोळ करून बसलीय, ह्यांना बोलवा."

हे येईपर्यंत फोन धरून उभी राहिले. आले, तसं मी सुरूच केलं. आधी आंबोण (पेंड-भुशाचं खाणं) ठेवा, मग पाठीवरून हात फिरवा, डावीकडून बसा, नाव घेऊन बोला. उंटावरून शेळ्या हाकतात, मी फोनवरून म्हैस हाकत होते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं का? आता त्या म्हशीचं माझ्यावर सोड की."

"अहो, पण ती देणार नाही."

"दील न्हाईतर न्हाई दील. त्या बाईला सूर्व्या बघायचा हाय न्हवं? मग दाव जा." आणि फोन ठेवला. पूर्वी फौजेतून पत्रं यायची तीही अशीच, दोन ओळींची.

परत आले तेव्हा डोल्मा वाळूत बसली होती. "माझ्यामुळे," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी टेकले. सूर्य अजून हातभर वर होता. पाण्याचा रंग बदलत गेला, आधी पितळेच्या भांड्यासारखा, मग तांबडा, मग त्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही. खरं सांगते, सुरुवातीला मला त्यात चंद्रीचे डोळेच दिसत होते. मग सूर्याची खालची कड पाण्याला टेकली आणि चपटी झाली. डोल्मा काही पुटपुटत होती, तिच्या भाषेत. मी न विचारता तिचा हात धरला. सूर्य अर्धा गेला, मग नखाएवढा उरला, मग गेला. मला आपोआप रडू आलं. ती तर आधीपासूनच रडत होती. ताशी दूर उभा राहून जीपकडे बघत असल्याचं सोंग करत होता.

अंधार पडायच्या आत मी पुन्हा फोन केला. संपतभाऊजी हसत होते, मागे आणखी दोघं-तिघं हसत होते.

"दिली, वैनी, दिली! बादली भरून!"

"कशी काय दिली?"

"त्ये इचारू नगा!" आणि पुन्हा हशा.

त्या रात्री काकांच्या घरी राहिलो. काकूंनी भात, बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) आणि सोलकढी वाढली. आम्ही मटणाची माणसं, काट्यांशी कसं वागावं आम्हाला कळत नाही. काकूंनी माझ्या ताटातला बांगडा लहान मुलाला द्यावा तसा निवडून दिला. डोल्मा मात्र कढीचे पेले रिचवत होती. "गे बाय, रव हयच!" (अगं बाई, राहा इथेच!) काकू म्हणाल्या.

सकाळी गरम घावणे खाल्ले आणि काकांच्या खटपटीने जीप खोकत खोकत सुरू झाली. मग आचऱ्यावरून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. समुद्र झाडीआड जायचा, पुन्हा भेटायचा. खाडीवर बगळे, माडांच्या सावल्या रस्ताभर, कुठे सुकत घातलेली जाळी. गाडीच्या टपावर हात ठेवून मी नुसती बघत होते. सकाळची धारही माझ्याविना झाली असणार, आणि ह्या विचाराने मला हवं तेवढं वाईट वाटत नव्हतं.

फोंड्याचा घाट चढून घरी पोचलो ती बरोबर धारेची वेळ. मी पिशवीही न ठेवता गोठ्यात शिरले. "चंद्रे, आले गं," म्हणत बसले. चंद्रीने मान वळवली, माझा वास घेतला. दोन दिवसांचं मीठ, मासळी, सुरूची वाळू. तिने फुरफुर केलं, दूध चोरलं आणि बादलीला अशी लाथ घातली की बादली दारात गेली.

दारात हे उभे होते. पँटवर माझी निळी रोजची साडी गुंडाळलेली, पदर डोक्यावरून, पदराखाली हवालदाराच्या मिशा. ह्यांनी मुकाट्याने बादली उचलली आणि मला बाजूला सरकवून खाली बसले. चंद्री पान्हावली. धारांचा सूर लागला.

ताशी हसून हसून भिंतीला टेकला. डोल्माने तोंडात पदर कोंबला. मीही हसले. इतकी वर्षं मी समजत होते, मी उंबऱ्याबाहेर राहिले तर हे घर थांबेल. घर थांबलं नव्हतं. मला हलकं वाटलं, आणि आत कुठेतरी दुखलंसुद्धा. दोन्ही खरं आहे.

रात्रीच्या गाडीसाठी सामान बांधताना डोल्मा म्हणाली, "समुद्र झाला. आता बर्फ. रस्ता उघडला की ये, बर्फ वितळायच्या आत."

"अगं, पण म्हैस..." सवयीने माझ्या तोंडून निघालं.

हे ओसरीवर पोटरीला तेल चोळत बसले होते. पोटरी काळीनिळी झाली होती.

"जा की," हे मान वर न करता म्हणाले. "निळी साडी तेवढी ठिवून जा. हिरवीला लाथ मारती ती."