पाव्हण्याचे पाय

आमच्या बैठकीच्या भिंतीवर दोन पाय टांगलेत, आन् ते माझे न्हाईत. बाकी मला काही म्हणायचं न्हाई. बायको चित्रं काढती, लोक वा वा करतात, चांगलंच हाय. पण पाय कुणाचे?

थांबा, आधी बाईमाणूस सांगतो, मग पाय सांगतो. सुलाबाई, म्हणजे आमची मंडळी. माहेर राणीसावरगावचं. लग्न होऊन सोनपेठला आली तवापासून रांधा, वाढा, उष्टी काढा. मी एस.टी.वर डायव्हर, आता रिटायर. गाडी मुक्कामी असली की घरी यायचं ते दुसऱ्या दिवशी. घर तिनंच वढलं, पोरगी तिनंच शिकवली, हे मी चारचौघात बोलून दाखवतो. मन मोठं हाय माझं.

पोरगी भक्ती नोकरीला पुण्याला गेली तवा कपाटात ॲक्रिलिक रंगाच्या ट्यूबा तशाच सोडून गेली. कॉलेजात हौसेनं घेतलेल्या. मंडळींनी फेकायला म्हणून काढल्या आन् फेकायच्या आधी एक पिळून बघितली. झालं! तवापासून आमच्या वरणात मिठाचा पत्ता न्हाई.

पहिलं चित्र पिठाच्या डब्याच्या झाकणावर काढलं. मग कपाटाच्या जुन्या प्लायवर. मग भक्ती पुण्याहून कॅनव्हास पाठवायला लागली. येळवस काढली, म्हणजे अवसेला शेतात जेवायला जायचा आमचा सण: कडब्याची कोप, घोंगडीवर मांडलेली भज्जी, आंबिलीचं मडकं, बघून भूक लागावी असं. गंगेचा घाट काढला. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. शेजारच्या चांगुणाबाईची म्हैस काढली. चांगुणाबाई इतकी खूश झाली की म्हशीला तिचं चित्र दाखवायचं म्हणून म्हैस आमच्या दारात आणून उभी केली. म्हशीनं बघितलं, पो टाकला आन् गेली. मला त्या म्हशीचं मत पटलं.

भक्ती प्रत्येक चित्राचा फोटो मोबाईलवर टाकती आन् खाली प्रेरणा लिहिती. त्याच्यासाठी फोन करती, "आई, हे कशावरून सुचलं?" येळवशीला ही म्हणली, "माझ्या आईच्या हातची भज्जी." घाटाला म्हणली, "धोंड्याच्या महिन्यात सासूबाईसंग न्हायला गेले होते, ते पाणी." आन् म्हशीला काय म्हणावं? "ती माझं ऐकती." आता ह्याचा अर्थ काय? घरात न ऐकणारं दुसरं कोण हाय?

समद्या चित्रात मी शोधला मला. म्हैस हाय, गंगा हाय, खराटा घेतलेली चांगुणाबाई सुद्धा हाय एका कोपऱ्यात. मी न्हाई. अहो, निदान रस्त्यावर एक लाल गाडी? लांब, ठिपक्याएवढी? तेबी न्हाई.

आन् मग आले पाय. शहाबादी फरशी, तिच्यावर बाप्या माणसाचे दोन उघडे पाय, गुडघ्यापासून खाली. पांढरा पायजमा. बाजूला पोह्याची प्लेट आन् ती धरलेली दोन बोटं. बस. वरचा माणूसच न्हाई. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. इतकं निगुतीनं काढलेलं की त्या करंगळीचं नख मला अजून पाठ हाय.

भक्तीचा फोन आला. "आई, प्रेरणा?"

"लिही, पाव्हणे."

"कोण पाव्हणे?"

"नुसतं पाव्हणे लिही की."

मी तोंडासमोर पेपर धरून ऐकायलो होतो. ओळ एक वाचली न्हाई.

त्या दिवसापासून मी सोनपेठच्या बाजारात भाजी बघायची सोडून पाय बघायला लागलो. लोक म्हणायचे, "दत्तराव, काही हरवलं का?" काय सांगू? देवळात बरं पडायचं, तिथं समदे अनवाणी. मारुतीला एक नमस्कार करायचो आन् पायरीवर बसून येणाऱ्या जाणाऱ्याच्या करंगळ्या तपासायचो. गावाला वाटलं, रिटायर झाल्यावर दत्तराव देवाला लागला.

शेवटी माझा शक मुंजाजीवर बसला. मुंजाजी सुतार, चित्रांच्या चौकटी तोच करतो. बाकी चित्रांना साधं लाकूड लावलं, आन् पाय बघून म्हणला, "काकू, ह्याला सागवानच पायजे." माझ्या दारांना जन्मभर बाभळ चालली, त्या पायांना सागवान! आन् गडी कायम बुटात. माप अंगणात घ्यायचा, चहा ओट्यावर प्यायचा. घरात पाऊल म्हणून टाकायचा न्हाई. का टाकत न्हाई? चोराच्या मनात चांदणं.

म्हणलं, थांब बेट्या. त्याला जेवायचं आवतन दिलं. दारात बूट काढायला लावले आन् तांब्या घेऊन मी स्वतः त्याच्या पायावर पाणी घातलं. मुंजाजीचे डोळे भरून आले. "काका, एवढा मान कुणी दिला न्हाई मला." मी खाली वाकून बघायलो. समदी बोटं सरळ, पट्टी लावून आखावी तशी. करंगळी तर गरीब बिचारी. मग काय, धपाटे खाल्ले त्यानं, दही खाल्लं, वर आणखी मागून खाल्लं आन् ढेकर देऊन गेला. माझा शक होता तिथंच राहिला.

अशात गंगाखेडच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. मोबाईलवर चित्रं बघून आलेल्या. दवाखान्यात बाकड्यासमोर लावायला एक चित्र पायजे म्हणल्या. आन् बोट कुठं दाखवावं? पायाकडं! मी उडीच मारली. "घ्या की बाई! आत्ता खिळ्यावरनं काढून देतो. गाडीत ठेवायला बी येतो."

"ते देणार न्हाई," सुला म्हणली. बसल्या जागेवरनं, आवाज न चढवता. "म्हैस घ्या, येळवस घ्या. ते देणार न्हाई."

ह्या बाईनं आजवर कशाला न्हाई म्हणलं न्हाई हो! भक्तीला एवढ्या लांब धाडताना म्हणलं न्हाई, माझ्या बदल्या झाल्या तवा म्हणलं न्हाई. आन् दोन पायासाठी न्हाई म्हणली, तेबी परक्या माणसासमोर. डॉक्टरीणबाई म्हैस घेऊन गेल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता सांग," मी म्हणलो. "कोण हाय हा?"

ती ओसरीवर बसून स्टीलच्या ताटलीत रंग काढून घ्यायली होती. मान वर न करता म्हणली, "तुमच्या आधी मला एक स्थळ आलं होतं. झरीचं."

"मग?"

"मग काय? पत्रिका जुळली न्हाई म्हणले."

"आन् त्याचे पाय ध्यानात राहिले?"

"मग दुसरं काय राहणार? पाटावर बसायचं, मान खाली घालायची. जरा वर बघितलं की मावशी चिमटा काढायची. त्यांचं तोंड मी बघितलंच न्हाई. पाय तेवढे दिसले."

"मग माझे बी दिसले असतील की!"

"तुमच्या पायात मोजे होते."

होते. चॉकलेटी, नायलॉनचे, परभणीहून मुद्दाम आणलेले. पोरगी बघायला जायचं म्हणून चांगलं दिसावं, एवढाच माझा गुन्हा! पायजमावाला अनवाणी येऊन भिंतीवर बसला आन् मी मोज्यापायी गेलो.

"बरं, दिसले पाय," मी म्हणलो. "म्हणून इतक्या वर्षांनी सागवानात बसवायचे?"

तिनं ताटली खाली ठेवली. "बाकीच्यांनी नेहमीचं विचारलं. नाव काय, शिक्षण किती, सैपाक येतो का, सुईत दोरा ओवून दाखव. समद्यांचे सवाल संपले तवा ते म्हणले, 'तुमाला काय करायला आवडतं?' मी म्हणलं, चित्रं काढायला. मामा हसले. ते न्हाई हसले. 'कशाची?' म्हणले. तेवढ्यात चहा आला."

"एवढंच?"

"एवढंच. परत कुणी विचारलं न्हाई."

आता ह्याला काय म्हणावं? काही लफडं असतं तर भांडलो असतो, दणकून भांडलो असतो. पण माणूस आला, पोहे खाल्ले, दोन सवाल केले आन् गेला, आन् जन्मभर संसार करणाऱ्या माझ्या डोक्यावर येऊन बसला. आन् मी काय विचारलंच न्हाई का तिला? डबा भरला का, किल्ली कुठं हाय, जेवायला काय हाय, रोज विचारलं! ते विचारणं न्हाई का?

"मला काढ," मी म्हणलो. "आत्ताच्या आत्ता. त्याच्याशेजारी लावायचं. आन् त्याच्यापेक्षा मोठं." चपला फेकल्या, खुर्ची ओढली आन् दोन्ही पाय तिच्यापुढं केले.

ती हसली. लय दिवसांनी हसली. "पाय घ्या मागं. तुमचं तोंड बघितलंय मी." कोरा कॅनव्हास भिंतीला लावला, ब्रश ओला केला. "पण नुसते बसलेले काय काढू? काहीतरी करताना काढते. सांगा, काय करायला आवडतं तुमाला?"

गाडी चालवायला, असं तोंडावर आलं. पण ती तर नोकरी होती, आन् खरं सांगायचं तर मला ती कधी आवडली न्हाई. मग पत्ते? ते बाकीचे खेळतात म्हणून मी बसतो. चहा? चहा काय आवड हाय का? मी डोकं खाजवायला लागलो. डायव्हर कसा हाय, गाडी टायमावर आणतो का, पितो का, हे समद्यांनी विचारलं होतं. पण काय आवडतं, हे माझ्या बापानंबी विचारलं नव्हतं. तिला निदान एकदा कुणीतरी विचारलं होतं. त्या झरीच्या माणसाचा राग कुठल्या कुठं गेला आन् मला सुलाचाच हेवा वाटायला लागला.

ती ब्रश धरून थांबली होती.

"सांगा की लवकर," म्हणली. "रंग वाळायलाय."