पेडण्याच्या सुदिनचे रिटर्न

छापून आलेलं वाचक विसरतात; संपादकानं कापलेलं बातमीदाराच्या डोक्यात साचत जातं. "भुताटकीला जागा नाही," म्हणे! मंत्र्यांच्या फिती कापण्याला बरी होती!

गोवा राज्य झालं, राज्याचा टेनिस संघ निवडायचा होता. पणजीचे निवडकर्ते विचारत, "पेडण्यात टेनिस?" मी म्हणे, "का? चेंडूला पासपोर्ट लागतो?" तिथं मामलेदार कचेरीतला कारकून सुदिन होता. समोरच्यानं चेंडू वर फेकण्याआधीच हा नेमक्या जागी! बघताना अंगावर काटा यायचा.

*

एकदा साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं. त्या संध्याकाळी चेंडू मागच्या कुंपणाला लागला की मग याची रॅकेट फिरे!

"काय झालं रे?"

"तोंडात सायबाक गाळी आयली. ती गिळीसर चेंडू गेलो!"

*

डिचोलीच्या खाणीवरच्या एका इंजिनिअरचा सर्व्ह म्हणजे तोफ. सुदिन त्याला भ्यायचा, आणि भ्याला की आधीच पळायचा. इंजिनिअरनं घाम पुसायला नुसता हात उचलला, हा बॅकहँडच्या कोपऱ्यात! सगळे हसले. इंजिनिअर तेवढा पांढरा पडला.

"मी पुढचा तिथंच मारणार होतो," म्हणाला.

*

सेमीफायनलआधी आईनं देवळात कौल लावला. फूल उजवीकडे पडलं, म्हणजे देवाचा होकार. खुशीत हा अख्खा सेट उजवीकडेच सरकून उभा! सहा-शून्य गेला!

मी ओरडलो, "गाढवा, देवानं जिंकशील एवढंच सांगितलंय! चेंडू कुठं पडेल ते नव्हे!"

पुढचे दोन्ही सेट त्यानं घेतले.

*

फायनल जिंकेल तो संघात. तीन आठवड्यांपूर्वी सुदिनचा थोरला भाऊ केरीच्या समुद्रात बुडाला होता. सुदिनच्या हाती रॅकेट दिली ती त्यानंच; त्याचा सर्व्ह मात्र सुदिनला कधीच परतवता आला नव्हता. "अजून रडूंक ना तो," आई सांगत होती.

दुपारचं लख्ख ऊन. मी सुदिनच्या मागे, कुंपणाला टेकून. समोरच्याला मॅच पॉइंट. सुदिननं हात वर केला.

"अंपायर, थंय दोगजाण सर्व्ह मारतात. खंयचो घेऊं?"

पलीकडे एकटाच उभा होता.

"प्ले!" अंपायर खेकसला.

सर्व्ह डावीकडे आला. सुदिन उजवीकडे धावला आणि मोकळ्या हवेत फोरहँड हाणला. तारांवर चेंडू बसल्याचा आवाज मी ऐकला. अंपायरनंही ऐकला. खरा चेंडू माझ्या पायाशी पडला होता.

"संघ गेला रे, सुदिन!"

तो वळला. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हसत होता.

"दादाचो सर्व्ह आज पयलेच फावट परतयलो."