सोफ्याच्या डाव्या बाजूचा फ्रान्स

मी सायकलवरून अर्धा फ्रान्स पाहिला आहे आणि एवढ्या प्रवासात मला एकदाच काय ती दुखापत झाली: उतरताना सोफ्याचा कोपरा नडगीला लागला.

हे मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे. एरवी मी बोलणारा माणूस नाही. वसईकडच्या आमच्या गावात 'अंतोन गरीब, तोंडातून शब्द काढत नाही' अशी माझी ख्याती. लोक त्याला सज्जनपणा समजतात. माझी बायको सेलिन त्याला आळस म्हणते. खरं म्हणजे तो निव्वळ भित्रेपणा आहे (पण तेही सांगायची हिंमत नव्हती)!

आम्ही मस्कतला अझैबा भागात राहतो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझी साखर पाहिली आणि फर्मावलं, "सायकल चालवा." मी आज्ञाधारकपणे ऐन जूनमध्ये समुद्राकाठच्या रस्त्यावर सायकल काढली. पहिल्या सिग्नलला हँडलचा तवा झाला होता आणि माझी भाकरी! घरी आलो तेव्हा सेलिनने मला ओळखलं ते बुटांवरून.

शेवटी देश सोडून चाललेल्या एका शेजाऱ्याकडून एक स्टँड घेतला. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं, स्टँड टीव्हीला जोडायचा, की टीव्हीवर रस्ता धावायला लागतो. रस्ता चढला की पायडल जड होतं, उतरला की हलकं. शेजाऱ्याला फ्रान्सचं वेड असल्यामुळे त्यात सगळे रस्ते फ्रान्सचेच होते. मग काय! सोफ्याच्या डाव्या बाजूला एसीखाली बसून मी नॉर्मंडीचे पांढरेशुभ्र कडे पाहिले, ब्रिटनीची दीपगृहं मागे टाकली, कालव्याकाठच्या झाडांच्या सावलीतून गेलो, लव्हेंडरच्या जांभळ्या शेतांतून घाम गाळला.

"घरात हेल्मेट कशाला?" सेलिन विचारायची.

"उतार आहे," मी म्हणायचो.

एकदा ब्रिटनीच्या किनाऱ्यावर असताना आमच्या रियाने फोटो काढला. "पप्पा, यू लुक सो फनी! पण हा टीव्हीचा बॉर्डर अग्ली दिसतो," म्हणून तिने टीव्हीच्या कडा कापून टाकल्या. उरलो मी, हेल्मेट आणि मागे निळाशार समुद्र. मी तो फोटो स्टेटसला ठेवला आणि आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर वसईचा फॅमिली ग्रुप पेटला होता! 'अंतोन फ्रान्सला!' 'मोठा माणूस झाला बाबा!' 'परफ्यूम आण रे!' खुलासा करायला एक ओळ पुरली असती. मी अंगठा टाकला. अंगठ्याचं बरं असतं, तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माझ्यासारख्यांसाठीच तो काढला असावा.

शपथेवर सांगतो, मी एकदाही खोटं बोललो नाही. मी फक्त रोज नवा फोटो ठेवत गेलो! ज्या चुलतभावाने मला आयुष्यात कधी चहा विचारला नव्हता, तो 'तिथलं चीज कसं आहे?' विचारायला लागला. 'चांगलं आहे,' मी लिहिलं. (चीज खरंच चांगलं होतं. कोपऱ्यावरच्या हायपरमार्केटमधलं.)

आणि मग फिलूमावशीचा फोन आला.

फिलूमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. त्याची फेड म्हणून मी तिला दर नाताळला फोन करतो आणि 'पुढच्या वर्षी नक्की येतो' म्हणतो. तिच्या गुडघ्याची पार वाट लागली होती. चर्चच्या पायऱ्या सुटल्या होत्या, ऑपरेशन ठरलं होतं.

"अंतोन, तू फ्रान्सात हायस ना?"

"अं... मावशी, गुडघा कसा आहे?"

"गुडघ्यासाठीच तर फोन केला. लूर्दला जा नि लूर्दमातेच्या झऱ्याचं पाणी आण, त्यानं दुखणी पळतात. ते हातात पडल्याबिगर मी त्या टेबलावर चढायची नाय. डॉक्टरला तसं सांगून टाकलंय."

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाला, उशीर केलास तर खाट धरशील. म्हणून तुला सांगते, लवकर जा!"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने सत्य सांगितलं असतं. मी म्हणालो, "बघतो."

आणि मी खरंच बघितलं! स्टँडच्या यादीत लूर्दजवळून जाणारा पिरेनीजच्या पायथ्याचा रस्ता शोधला आणि सायकलवर चढलो. निदान 'गेलो होतो' हे तरी खरं व्हावं, एवढाच हेतू. अपराधी माणूस किती काटेकोर असतो पहा: त्या दिवशी मी एसीही बंद ठेवला.

चढाच्या मध्यावर फोन वाजला. मावशीचा व्हिडिओ कॉल. घाबरून तो चुकून उचलला गेला.

"आगं बया! डोंगर काय सुंदर हायत!" मावशी ओरडली. "घाम किती आलाय रं तुला!"

"चढ आहे," मी धापा टाकत म्हणालो. हेसुद्धा खरंच होतं!

एवढ्यात पिरेनीज पर्वताच्या डाव्या अंगाने सेलिन प्रकट झाली. अंगात मॅक्सी, डोक्याला टॉवेल, हातात तळलेल्या बोंबलांची ताटली. तिने एक अख्खं शिखर झाकलं, ताटली टेबलावर ठेवली आणि उजव्या अंगाने निघून गेली.

मावशीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"सेलिन पण आलीय?"

मी जोरात पायडल मारलं.

"आणि लूर्दला मॅक्सीवर फिरते?"

पुढच्या रविवारपर्यंत गावातल्या बायकांत बातमी पसरली की अंतोनची बायको पवित्र ठिकाणी मॅक्सीवर बोंबील तळत फिरते. सेलिनच्या आईने सेलिनला फोन केला. सेलिन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही, आणि तेच फार वाईट होतं.

"माझ्या आईने मला विचारलं, तुला लाज आहे का म्हणून. मी काय सांगू?"

"मी बोलतो मावशीशी."

"तू? तू बोलणार?" ती हसली. "बोल की! आत्ता, माझ्यासमोर बोल."

आयुष्यात पहिल्यांदाच मी सत्य सांगायला फोन लावला. "मावशी, मी फ्रान्सला गेलोच नाही. मी घरी आहे."

"चल! मी माझ्या डोळ्यांनी डोंगर पाहिला."

मी कॅमेरा फिरवला. सोफा, चपलांचा स्टँड, प्रेशर कुकर, रियाचं दप्तर.

"हॉटेल बरं हाय," मावशी म्हणाली.

शेवटी सेलिनने फोन हिसकावला, टीव्हीपाशी गेली आणि पिरेनीजवर बोटांनी टकटक केलं. मग रिमोट घेऊन फ्रान्स बंद केला आणि त्या जागी मराठी बातम्या लावल्या. मावशीने बातम्या पूर्ण ऐकल्या. मग म्हणाली, "म्हणजे पाणी नाय."

"नाही, मावशी."

"मग ऑपरेशन पण नाय," आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर तिने माझा फोन उचललाच नाही. तिचा मुलगा कळवायचा: आता काठी घेतली, आता अंगणातही येत नाही. मी सायकलवर बसायचो, पण लव्हेंडर बघवेना.

तडक ऑफिसात अर्बाबकडे, म्हणजे आमच्या मालकाकडे, रजा मागायला गेलो. "फ्रान्सला जायचंय."

"पुन्हा?" अर्बाबने डोळे मोठे केले. "मागच्या महिन्यात तर फिरून आलास! मी स्टेटस बघतो तुझं." (आता समजलं, त्या महिन्यात मला कामावर बघून तो एवढा का दचकायचा.) "खलास! ठीक आहे, जा. पण या वेळी सांगून जा."

व्हिसाच्या खिडकीवर प्रवासाचं कारण विचारलं. "गुडघा," मी म्हणालो.

आणि मी खरोखर फ्रान्सला गेलो, एकटा. सेलिनने यायला नकार दिला. "माझं जे फिरायचं ते फिरून झालंय," ती म्हणाली. लूर्दच्या अलीकडच्या गावात भाड्याने सायकल घेतली. रस्ता मला पाठ होता. इथे बेकरी, तिथे दगडी पूल, मग वळण आणि चढ. फक्त टीव्हीने पाऊस दाखवला नव्हता. समोरून येणारा वारा आणि भर रस्त्यात रवंथ करणारी गायही दाखवली नव्हती! आणि चढावर पॉजचं बटण नव्हतं. अर्धा फ्रान्स जिंकलेला मी ती सायकल ढकलत लूर्दला पोचलो.

तिथे लोकांसाठी ओळीने नळ लावले आहेत. मोज्यांतलं पावसाचं पाणी पिळून टाकलं आणि मी नळाखाली बाटली भरली. मावशीच्या मुलाला फोन लावून म्हटलं, तिच्यासमोर धर. मागे चर्च, मेणबत्त्या, व्हीलचेअरवरचे यात्रेकरू.

"मावशी, लूर्द! हे बघ पाणी!"

मावशीने बराच वेळ पाहिलं. "सेलिनला बोलव."

"ती घरी आहे."

"तेच म्हणते. तिला सांग, जरा समोरून जा."

मी शपथा घेतल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या सिस्टरला हातवारे करून कॅमेऱ्यापुढून चालायला लावलं. "ह्या टीव्हीत माणसं पण चांगली दिसतात," मावशी म्हणाली आणि तिने फोन मुलाच्या हातात दिला.

मी लूर्दहून मस्कतला न जाता थेट वसई गाठली. मावशी खाटेवर होती, माझ्या आठवणीतल्या मावशीच्या निम्मी झालेली. मी बाटली तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं, वास घेतला, घोटभर प्यायली.

"मस्कतचं हाय."

"मावशी, आईशपथ—"

"गप. आईला मध्ये आणू नकोस." तिने बोट बुडवून गुडघ्यावर क्रूस काढला. "किती वर्षांनी आलास? आलायस तर थांब चार दिवस. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला घरचं माणूस लागतं."

"घरात मुलगा आहे ना?"

"त्याला मी नाय वाढवला? पण फसवलं तू. सही तूच कर."

मी सही केली आणि ऑपरेशन झालं. मावशी आता चर्चच्या पायऱ्या एकटी चढते. अख्ख्या गावाचं म्हणणं, लूर्दच्या पाण्याचा चमत्कार! एकटी मावशी मान हलवते आणि सगळ्यांना ठासून सांगते, "लूर्द कुठलं! अझैबाच्या नळाला गुण हाय."

आता गावातल्या बाकीच्या गुडघ्यांसाठी तिने दोन कॅन मागवले आहेत: 'सरळ किचनच्या नळाचं भर, उगाच फ्रान्सला जाऊ नकोस.' मी भरून ठेवलेत. खरं बोलायची हिंमत माझ्यात एकाच खेपेपुरती होती, आणि ती खर्च होऊन गेली!