नावापुरती चावी

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. वेळेत बदलला तर कुणाला कळतही नाही, आणि चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचा निकाल लागतो. आमच्या सात सीटर डिझेल गाडीचा पट्टा कधी बदलला होता, हे तिच्या आधीच्या मालकालाही सांगता येईना. सोमवारपासून मी त्या गाडीतून आष्ट्याहून सांगलीला शाळेची पोरं न्यायची, असं ठरलं होतं. कारखान्यातली नोकरी गेल्यावर हाताला लागलेलं ते पहिलं काम. लोकांची पोरं बसवायची तर पट्टा नवा पाहिजे, एवढी अक्कल मला होती. गॅरेजवाला आठवडाभर थांबा म्हणाला, म्हणून रविवारी सकाळी मी दारातच गाडी उघडली.

आधी बॅटरीची वायर काढली. मग कव्हर, पुली, जुना पट्टा. नव्या पट्ट्याच्या खुणा जुळवताना घाम फुटला, पण जुळल्या. आता पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा नट घट्ट आवळायचा आणि पान्यानं इंजिन हातानंच सावकाश फिरवून खुणा पुन्हा बघायच्या, एवढं राहिलं होतं. ते केल्याशिवाय चावीला हात लावायचा नसतो. पट्टा सरकला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात.

माझा थोरला भाऊ सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता. कामाला नव्हे, घड्याळ बघायला. हा माणूस चांगली वेळ बघितल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाही. आमच्याकडं चांगल्या वेळेला गावाला निघणं जमत नसेल, तर त्या वेळेला पिशवी शेजाऱ्याकडं नेऊन ठेवतात. त्याला पस्ताना म्हणतात. निघाल्यासारखं होतं, मग पाय कधीही निघोत. पिशवीचं ठीक आहे. पिशवीत व्हॉल्व नसतात.

नट आवळायला मोठा पाना लागणार होता. तो शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं होता.

"दादा, चावीला हात लावू नको," मी बजावलं. "नट ढिला हाय अजून."

"व्हय रं. पण साडेचारला राहुकाळ लागतोय."

चाचा पाना शोधत होते तेवढ्यात स्टार्टरचा आवाज आला, आणि पाठोपाठ खडखड. चाचांनी मान वर केली. "कोण फिरवतंय रं गाडी?" मी तसाच घराकडं पळालो.

दारात नारळ फुटलेला, बॉनेटवर हळदीकुंकू, ओवाळणीचं ताट घेऊन माझी बायको उभी, आणि भाऊ स्टिअरिंगवर. बॅटरीची वायरही त्यानंच जोडली होती. तेवढं त्याला येत होतं.

"नावापुरती फिरवली," तो म्हणाला. "मुहूर्त साधून घेतला. आता तू सावकाश आवळ."

आवळायला काही उरलं नव्हतं. गाडी ओढून सांगलीला नेली. मिस्त्रीनं इंजिनाचं हेड खोललं, वाकडे व्हॉल्व काढून फडक्यावर मांडले आणि विचारलं, "पट्टा कुणी बसवला?"

"ह्यानं," भाऊ म्हणाला. "घरीच."

त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. ते आलं नाही. मिस्त्रीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मला आजही झोंबते. चारचौघांत थोरल्याला उलटून बोलायचं नाही, असं आमच्या घरचं वळण. तेवढं मी पाळलं, आणि त्याचा मला अजून राग येतो. शाळा कुणासाठी थांबत नाही. पोरं दुसऱ्या गाडीतून जायला लागली, आणि आमची गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा तिला काम उरलं नव्हतं.

भावाची गोष्ट मात्र छान चालू लागली. लग्नात, पाटाच्या कडेला, दहाव्याच्या पंगतीतसुद्धा तो सांगतो, "पट्टा बसवायला गेला आन् इंजिन घालवलं. ज्याचं काम त्यानंच करावं." तो खोटं बोलतो असं मला वाटत नाही. त्याला आता तसंच आठवतं. देवानं अशी आठवण मलाही दिली असती तर बरं झालं असतं.

परवा घरातला मिक्सर बंद पडला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो, तर बायकोनं मिक्सर उचलून बाजूला ठेवला.

"तुमी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दुकानात दिऊ."

"तू तर तिथंच हुतीस त्या दिवशी," मी म्हणालो. मिक्सरचा आणि त्या दिवसाचा काय संबंध, हे तिनं विचारलं नाही.

"व्हय, हुते की," ती म्हणाली. "पर नट तर तुमीच ढिला ठिवला हुता न्हवं?"