नकाशातून उडालेलं आमोणं

मीटिंगच्या मिनिट्समध्ये जे लिहायचं नसतं, ते सगळं टायपिस्टच्या डोक्यात साठत जातं. मी तर लिहिणारीही होते आणि टाइप करणारीही, म्हणजे माझ्याकडे डबल स्टॉक! चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "बाय, ती खाडीवाली कमिटी सांग गो." सांगते. पण हसताना एवढं लक्षात ठेवा, तेव्हा आम्हाला कुणालाच हसू येत नव्हतं.

काम असं होतं. तेरेखोल, शापोरा आणि मांडवी, या तीन खाड्यांचा चार संस्थांनी मिळून अभ्यास करायचा. पाणी कुठे किती खारं, गाळ किती, मासळी किती. प्लॅन आम्ही करायचा, मंजुरी दिल्लीची. पाण्याचे नमुने घ्यायच्या सहा जागा ठरल्या. त्यातली एक आमोणे, माझं गाव.

आमच्या खाजनात, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या भातशेतीत, दर पावसाळ्यानंतर तांबडा चिखल चढायचा. भाऊ म्हणायचा, चिखल नदीचाच. तो खाणीवर ट्रक चालवायचा. आई म्हणायची, चिखल खाणीचा. शेत ती लावायची. दोघं शेजारी शेजारी जेवायला बसत आणि तोंडातून शब्द काढत नसत. कुणीतरी येऊन मोजावं आणि एकदाचं काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं.

*

कमिटीत मोठी माणसं दोन. पेडण्याचे परब सर, प्राणिशास्त्राचे, कट्टर मराठीवाले. पणजीचे नायक सर, रसायनशास्त्राचे, कट्टर कोंकणीवाले. गोव्यात मराठी की कोंकणी, असं राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसत, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत!

"बाय, ह्यांना सांग, खारेपणा दर तासाला मोजावा लागेल," परब सर म्हणाले.

मी मान वळवायच्या आत नायक सर म्हणाले, "बाय, तांकां सांग, म्हाका आयकूंक येता."

"मग उत्तर द्यायला सांग!"

मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'सखोल चर्चा झाली.'

*

दिल्लीहून पत्र आलं. चाचणी म्हणून शापोऱ्याकाठच्या हळर्णला सकाळी दहा वाजता, ऐन भरतीला, नमुने घ्या. तारीख, वार, सगळं ठरवून दिलेलं. आम्ही सगळी यंत्रं घेऊन बरोबर दहाला काठावर हजर. होडी चिखलात बसलेली! न्हंय, म्हणजे नदी, पार मधोमध गेलेली.

होडीवाला विडी ओढत होता. "आज चवथ न्हय? तिथीची पाऊणपट करा. चार पाऊणे तीन. तीनाक भरती, नवांक सुकती. हांगा पावपाक आनी एक वर." म्हणजे समुद्रावर नवाला ओहोटी, आणि इथवर पोचायला तिला आणखी एक तास. मग त्यानं पत्राकडे बोट दाखवलं. "दिल्लीक कळयलां, पूण न्हंयेक सांगूंक विसरल्यात!"

त्या दिवसापासून परब सरांनी ऑफिसच्या भिंतीवर तिथींचं कॅलेंडर टांगलं. नायक सर त्याच्याकडे बघून नाक मुरडत. पुढे दिल्लीनं विचारलं, भरतीच्या वेळा कशावरून काढता? म्हटलं, आता आमची लाज जाणार! नायक सरांनीच मला सांगितलं, "लिही, स्थानिक खगोलीय तक्त्यांवरून."

*

एकदा नमुन्यांच्या बाटल्या घेऊन केरीहून परत येत होतो. रस्त्यावर झाड आडवं घातलेलं आणि भोवती पन्नासेक माणसं, हातात दांडे. कुठल्या बाजूची ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आता काय सांगू? जीपमध्ये मात्र दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसलेल्या.

एकानं नायक सरांना विचारलं, "तुमी खंयचे?"

नायक सरांनी तोंड उघडलं असतं तर सरळ भाषणच केलं असतं. तेवढ्यात परब सर म्हणाले, "ते माझे पाहुणे."

"आनी ह्यो बाटल्यो?"

"पाणी."

"कसलें पाणी? पेट्रोल तर न्हय?" त्यानं तीन नंबरच्या बाटलीचं बूच काढलं आणि ती सरळ तोंडालाच लावली! त्यानं पच्चकन थुंकलं. "शी! खारें! सोडा रे ह्या पिशांक!"

आम्ही वेडे ठरलो आणि झाड बाजूला झालं. दोन मैल पुढे आलो. मग परब सर म्हणाले, "बाय, ह्यांना सांग, पाहुणा म्हटलं म्हणजे जेवायला बोलावलं असं नव्हे."

*

आणि मग तो दिवस आला. एका खाण कंपनीनं बोट देऊ केली, डिझेलसकट फुकट. फक्त एक सूचना होती. आमोण्याजवळ खनिज नेणाऱ्या बार्जेसची वर्दळ असते, बोटीला धोका आहे, तिथे थांबू नये. पुढच्या मीटिंगला टाइप करायला माझ्या हातात प्लॅन आला, त्यातल्या नकाशावर पाचच जागा! आमोणे गायब.

मी दोघांकडे पाहिलं. परब सर चष्मा पुसू लागले, नायक सर खिडकीबाहेर बघू लागले. बोटीशिवाय अभ्यास होणार नव्हता, दोघांनाही ते माहीत होतं. पहिल्यांदाच एकमत झालं, तेही गप्प बसण्यावर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"हे मी टाइप करणार नाही," मी म्हटलं.

"बाय, मीटिंगमध्ये टायपिस्ट बोलत नाही," परब सर म्हणाले.

"रडलं तर चालेल?" मी विचारलं, आणि खरंच रडले. मग डोळे पुसून टाइप केलं, नोकरी टेम्पररी होती.

*

प्लॅनवर सही करायला दिल्लीहून चटर्जी साहेब आले. बंगाली माणूस, खाड्यांचा मोठा जाणकार. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. मी परब सरांना म्हटलं, "साहेबांना आमच्याकडे जेवायला आणा. आई शेवटे करणार आहे." मासळीला बंगाली नाही म्हणतो का? साहेब आणि दोन्ही सर, तिघंही आले, हात चाटून जेवले.

जेवल्यावर साहेबांना बांध बघायचा होता. तिथे जानूमामा उभे. भरतीचं पाणी अडवणारं बांधातलं लाकडी दार उघडायचं-मिटायचं काम त्यांचं, वय सत्तरीच्या पुढे. मागे गावातला आमचा सगळा वाडा जमलेला.

"नवो मनीस कामाक आयलो जाल्यार आदीं राखणदाराक गाऱ्हाणं," जानूमामा म्हणाले. राखणदार म्हणजे बांध राखणारा देव, गाऱ्हाणं म्हणजे त्याला घातलेलं साकडं. "त्याबगर बांधार पाय ना."

साहेबांनी बूट काढले. परब सरांनी त्यांना इंग्रजीत समजावलं, म्हातारा थांबला की सगळ्यांबरोबर मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

जानूमामांनी नारळ हातात धरला. गाऱ्हाण्याची भाषा धड मराठी नाही, धड कोंकणी नाही, त्यामुळे दोन्ही सर हात जोडून मुकाट.

"बा राखणदारा, आज हे दिल्लीचे सायब तुझ्या बांधार आयले आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कागदार आमोण्याचं नाव होतं, तां कोणीतरी पुसून टाकलां, म्हाराजा!"

परब सर पुन्हा चष्मा पुसू लागले. पण साहेब जोरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"तां नाव सायब आपल्या हातान परत लिवतले, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा!

"चिखल खंयचो तां सोधतले, आणि खाणीचो आसूं, न्हंयचो आसूं, जां खरां तां सांगतले, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या मागून घोगरा आवाज आला. वळून बघते तर भाऊ! खाणीच्याच खाकी कपड्यात. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

नारळ फुटला, खोबरं वाटलं.

परतताना जीपमध्ये मी प्लॅनची फाइल घेऊन मागे बसले होते. साहेब खोबरं चावत, खुशीत. "फार सुंदर प्रार्थना! पण आपण कशाकशाला हो म्हटलं?"

नायक सरांनी एकेक वाक्य सांगितलं, काही न गाळता. साहेबांचं चावणं थांबलं.

"आणि मी तसं केलं नाही तर?"

नायक सर वळले. माझ्याकडे नाही, परब सरांकडे. "परब, सांगा तांकां."

परब सर म्हणाले, "सर, मग खोबरं परत द्यावं लागेल."

साहेबांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग तोही तोंडात टाकला आणि माझ्यापुढे हात केला. "नकाशा द्या."